भिंतीआडचा समुद्र

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी आमच्या दुकानात टाक्या पुरेनात. सकाळी ट्रक उतरवायचा आणि दुपारपर्यंत अंगण मोकळं. काळ्या टाक्या, पिवळ्या टाक्या, जिन्याखाली बसतील अशा बुटक्या टाक्या. नळाला महिना महिना पाणी नव्हतं, पण कधी सुटलंच, गल्लीत टँकर शिरलाच, तर साठवायला काही हवं की नको? लोक आधी टाकी न्यायचे आणि मग पाण्याची वाट बघत बसायचे. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेऱ्या उठल्या, क्वार्टरं उठली, त्या धांदलीत माझ्या सासऱ्यांनी हे पाइप-तोट्यांचं दुकान टाकलं होतं. त्यांच्या हयातीत खपल्या नसतील तेवढ्या टाक्या आमच्या ह्यांनी त्या एका उन्हाळ्यात खपवल्या.

टाक्यांच्या कंपन्यांची एक रीत असते. ठरलेला माल उचलला की दुकानदाराला टूर लागते. एरवी आमच्या वाट्याला भिंतीवरचं घड्याळ नाहीतर टेबलफॅन यायचा. त्या वर्षी कंपनीचा माणूस पेढ्यांचा पुडा आणि तीन गुळगुळीत रंगीत पुस्तकं घेऊन घरी आला. समुद्रकाठचे तीन रिसॉर्ट, एकापेक्षा एक भारी. त्यांतला एक निवडायचा आणि सगळं घर घेऊन जायचं.

"वहिनी, तुम्ही निवडा," तो म्हणाला. "लेकराबाळांचं बायकांनाच कळतंय."

"हाव, तूच बघ," हे म्हणाले. "मला कुठलाबी समुद्र चालतोय."

दोघं पेढे खात हसत होते आणि मी फोटोतल्या पाण्याकडं बघत होते.

माझं माहेर नांदेडचं, नदीजवळचं. लातूरच्या माणसाला पाणी नसण्याची भीती ठाऊक असते, मला असण्याची. मी शाळकरी होते तेव्हा घाटावर आईबरोबर धुण्याला जायची. एकदा शेजारच्या पायरीवर आमच्याच गल्लीतली एक बाई होती. नुकतं चालायला लागलेलं तिचं लेकरू तिचा पदर धरून बसलं होतं. साडी पिळायला तिनं दोन्ही हात वर केले. एवढंच. साडी पिळून झाली आणि बघते तर लेकरू नाही. कुणी ओरडलं नव्हतं, पाणीसुद्धा उडालं नव्हतं. मी समोर बसले होते आणि मलाही दिसलं नाही. ते सापडलं संध्याकाळी, खालच्या अंगाला. त्यानंतर ती बाई मला भाजीच्या गाड्यावर दिसायची, गिरणीत दिसायची, आणि दर वेळी मला वाटायचं, आता ही विचारणार, तू समोरच होतीस ना गं? तिनं कधी विचारलं नाही. मी मात्र तिला बघितलं की गल्ली बदलायची.

हे लातूरच्या घरात कुणाला सांगून उपयोग नव्हता. माझ्या सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणतं. त्यांचं माहेर निलंग्याच्या पलीकडचं, कानडीच्या शेजारचं. मी भीत भीत विषय काढला तेव्हा त्या विभूती लावत होत्या. कपाळावरचं बोट तसंच ठेवून म्हणाल्या, "बुडायला आधी पाणी तर पायजे की गं."

त्यांचंही काय चुकलं! आमची थोरली तेव्हा सहा वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. धाकट्यानं जन्मात बादलीपेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं. परातीत बसवून त्याची अंघोळ व्हायची आणि तेच पाणी संडासाला जायचं. थोरली तर दुष्काळातच शहाणी झालेली. टँकरचा हॉर्न वाजला की हातातला घास टाकून पळायची, पाइप ओढायची, घागरी, कळशा, पातेली, तांबे, चहाचे कप, दिसेल ते भरायची. रिकामं भांडं तिला बघवायचं नाही. अव्वा तिच्या पाठीवर हात फिरवून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "शाब्बास गं माझी लक्ष्मी!" पोरीला त्या शाब्बासकीची चटक लागली होती. अशी लेकरं मी समुद्रावर न्यायची होती. त्यांना पाणी म्हणजे पळत जाऊन हात घालायची वस्तू.

ती तीन पुस्तकं घेऊन मी दुपारी बसायची. जेवणं आटोपली की चष्मा लावून फोटो बघायची. लोक अशा फोटोत काय बघतात कोण जाणे, मी फक्त लेकरू कुठून सटकेल ते बघत होते.

पहिलं कोकणातलं. खोलीच्या पायरीला लाटा लागलेल्या आणि खाली छापलेलं, दार उघडा की समुद्र. या बया! दार उघडा की समुद्र? आमच्या धाकट्याचा हात कडीला पुरत नव्हता, पण स्टूल ओढता येत होतं. ते पुस्तक मी पालथं घालून ठेवलं. दुसरं केरळातलं. तिथं प्रत्येक खोलीच्या अंगणात स्वतंत्र तलाव, निळाशार, पोहायचा. मी फोन लावला. पलीकडची पोरगी लाडात येऊन म्हणाली, हीच तर आमची खासियत. मी म्हटलं, खासियत राहू द्या बाई, कठडा आहे का? कठडा नव्हता. कठड्यानं फोटो चांगला येत नाही म्हणे. मी फोन ठेवला आणि तेही पुस्तक पालथं घातलं.

तिसरं गोव्यातलं. तिथं मी इतक्या वेळा फोन केला की फोनवरचा माणूस माझा आवाज ओळखायला लागला. "बोला, लातूर," म्हणायचा. खोल्या खालच्या मजल्यावर मिळतील का? मिळतील. वरच्या मजल्यावर नकोच, तिथं गॅलरी असते. पोहण्याच्या तलावाला जाळी आहे का? आहे, आणि दिवस मावळला की कुलूप. समुद्र खोलीपासून किती लांब? तो म्हणाला, बाग आहे, मग भिंत आहे, भिंतीला फाटक आहे आणि फाटकावर वॉचमन. भिंत किती उंच? माझ्या छातीइतकी. तुम्ही बुटके का उंच? तो हसला आणि उंच म्हणाला. डॉक्टर? जवळच दवाखाना आहे. अव्वा शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी मला ढोसलं, "पाणी रोज सुटतंय का इचार." मी विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. पाणी सुटतं म्हणजे काय, असं तो दोनदा म्हणाला. मग अगदी खालच्या आवाजात त्यानं सांगितलं, "मॅडम, एक सांगायला पाहिजे. भिंतीमुळं आमच्या खोल्यांतून समुद्र दिसत नाही. पुष्कळ लोक नाराज होतात."

मी म्हटलं, "मग हेच नक्की करा."

त्यानं भीती गेली असं नाही. उलट जायचा दिवस जवळ आला तशी ती वाढत गेली. ज्वारी निवडताना, कपडे घालताना डोळ्यांसमोर एकच चित्र, भिंतीवर चढलेला धाकटा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. त्यात गल्लीची लाज. बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या आणि आम्ही समुद्रावर निघालो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दुष्काळानं ज्यांचं भलं केलं त्यांना त्याची भरपाई द्यावी लागते, असंही मनात यायचं. मी हे बोलून दाखवलं तर हे खवळले. "चार दिवस सुखाचे आलेत तर तुला ते बघवंनात. काहून रडायलीस?"

मी रडत नव्हते. मी सोनाराकडून धाकट्याला घुंगरांचे वाळे करून आणले. चांगले खणखणीत, पाऊल टाकलं की शेजारच्या घरात ऐकू जावं असे. तो जिथं जाईल तिथं कळायला पाहिजे.

सगळी वाट मी त्याला ओढणीनं पोटाशी बांधून बसले. पोचलो तेव्हा आधी फाटक बघितलं, भिंत बघितली, तलावाची जाळी हलवून बघितली. वॉचमन मला बघून उठून उभा राहिला, त्याला वाटलं तपासणीला कुणी आलंय. खोली मोठी होती, गाद्या पांढऱ्याशुभ्र. अव्वा सरळ न्हाणीत गेल्या आणि नळ सोडून त्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. बंद करवेना त्यांना. "आवं, ही धार बघा," म्हणत होत्या, "कुणी उठवायचं न्हाई, कुणी टायमिंग लावायचा न्हाई." डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. न्हाणीत पांढरा, माणूस आडवा झोपेल एवढा टब होता. आम्ही कुणी त्यात उतरलो नाही. हे म्हणाले, "एवढ्या पाण्यात एकच माणूस न्हायचा? शरम वाटंल." बादली मागून घेतली आणि मोजकं पाणी घेऊन सगळे न्हालो. थोरली मात्र टबाच्या बुडातलं बूच लावून बघत होती, काढून बघत होती. मी तिला बाहेर बोलावलं. बाहेर भिंतीपलीकडं समुद्र वाजत होता आणि माझं सगळं ध्यान तिकडं.

समुद्रावर गेलो तेव्हा मी वाळूवर एक रेघ मारली आणि तिच्यापुढं लेकरांनी जायचं नाही म्हणाले. रेघ समुद्रापासून इतकी लांब की थोरलीचे पायही भिजेनात. ती रडकुंडीला आली. मी समुद्राकडं पाठ करून लेकरांकडं तोंड करून उभी. मागून लाट फुटली की मी दोन्ही लेकरं पुन्हा डोळ्यांनी मोजायची.

"अगं, समुद्र दाखवायला आणलंय का भिंत दाखवायला?" हे म्हणाले. लोक बघत होते.

"लेकरं धडधाकट घरी न्यायला आणलंय," मी म्हणाले. "तुम्हाला दाखवायचा तर तुम्ही जा आत."

ते गेले नाहीत. दोघंही तणतणत परत आलो. फाटकातून आत आलो तेव्हा मी वॉचमनला फाटक ओढून घ्यायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं. हे चहा आणायला म्हणून बाहेर गेले. त्यांच्या मागं मी खोलीची वरची कडी लावली, ओढून बघितली. खिडक्या बघितल्या. स्टूल उचलून कपाटावर ठेवलं. धाकटा माझ्या कुशीत झोपला, अव्वा पलीकडच्या गादीवर आडव्या झाल्या, थोरली खाली बसून कागदावर काहीबाही काढत होती. समुद्र भिंतीबाहेर, भिंत दाराबाहेर, दाराला कडी. निघायच्या आधीपासून माझा धड डोळा लागला नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, आता काही होत नाही. आणि मी झोपले.

जाग आली ती थोरलीच्या कुजबुजीनं. ती अव्वांना हलवत होती. "अव्वा, ऊठ की. लई पाणी भरलंय मी. सगळं सगळं भरलंय. चल, बघ."

अव्वा झोपेतच होत्या. डोळे न उघडता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास गं माझी लक्ष्मी."

मलाही झोपेत हसू आलं. पोरगी इथंही भांडी भरत बसली. मग ते शब्द डोक्यात शिरले. लई पाणी. मी कुशीत हात फिरवला. गादी ऊबदार होती, पण धाकटा नव्हता. मी कान दिला. वाळे वाजत नव्हते.

न्हाणीपर्यंत मी कशी गेले माहीत नाही. टब काठोकाठ भरलेला. पाण्यात पांढरे मोठे टॉवेल, आणि त्या टॉवेलात गुंडाळलेला, पालथा, माझा धाकटा. एक पाय तेवढा काठावर अडकलेला. मी त्याला टॉवेलासकट उपसून काढला. ओला टॉवेल त्याच्या तोंडाला चिकटला होता, तो ओढून काढला. ओठ निळे. मान लुळी. मी ओरडले असणार, कारण अव्वा धावत आल्या. पुढचं मला सलग आठवत नाही. अव्वांनी त्याला माझ्या हातातून हिसकावून आपल्या हातावर पालथा घेतला आणि पाठीत थापा मारल्या. महादेवाचं नाव घ्यायच्या आणि थाप मारायच्या. मी फक्त त्याची टाच धरून उभी होते. मला ती नांदेडची बाई दिसली, वर केलेल्या हातात पिळलेली साडी घेऊन. मला वाटलं, आता मीच ती.

मग त्याच्या नाकातोंडातून पाणी आलं, भात आला, आणि तो रडला. रडला एकदाचा.

दारावर थापा पडत होत्या. मी कडी काढली तर हे, हातात चहाचा ट्रे. आत बघितलं आणि ट्रे तिथंच पडला. हे रागावले की आधी ओरडतात, मग विचारतात. "कुणी भरलं हे? कुणी भरलं?" त्यांचा आवाज फाटला होता. थोरली कपाटाला पाठ लावून उभी होती. तिच्याकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांचा हात उठला.

"म्या भरलं," अव्वा म्हणाल्या. लेकरू छातीशी धरून, ओल्या लुगड्यानं, त्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "म्या. मार मला."

हात खाली आला. आम्ही खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि तसेच दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला आणि म्हणाले, रात्रभर लक्ष ठेवू, पण वाचलंय. वाचलंय हा शब्द ऐकून मी भिंतीला धरून खाली बसले. हे माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. रात्रभर धाकटा माझ्या छातीवर होता. मी त्याला पाळण्यात ठेवू दिलं नाही, अव्वांनी मागितला तरी दिला नाही. त्याचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता आणि तो लागायचा थांबेल म्हणून मी श्वास रोखून धरत होते.

सकाळी सोडलं. आता घरी जायचं, दुसरं काही नाही. हे आणि अव्वा धाकट्याला घेऊन गाडीत बसले आणि सामान भरायला मी थोरलीला घेऊन खोलीत आले. कुलूप असल्यामुळं सफाईवाला आत आलाच नव्हता. सगळं कालच्यासारखंच होतं, आणि काल मी टबापलीकडं काही बघितलंच नव्हतं.

चहाची किटली भरलेली, झाकण लावलेलं. पाण्याचे ग्लास ओळीनं भरलेले आणि एकेकावर बशी. कचऱ्याचा डबा धुऊन भरलेला, त्यावर हॉटेलची जाडजूड वही. धाकट्याची दुधाची बाटली भरलेली, टोपण घट्ट. तोंड धुवायचं बेसिन बूच लावून भरलेलं आणि त्यावर हात पुसायचा रुमाल चारी बाजूंनी ताणून बसवलेला, रुमाल सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर साबणाच्या वड्या. मग मी टबाकडं बघितलं. त्याच्या एका काठावर अजून साबणाची एक वडी तशीच होती. बाकीच्या वड्या पाण्यात पडून विरघळून गेल्या होत्या. दोन मोठे टॉवेल जोडून तिनं टबावर असेच पसरले असणार, गादीसारखे सपाट, पांढरेशुभ्र. धाकट्याला ती गादीच वाटली असणार.

थोरली दारात उभी होती. आत येत नव्हती.

"अव्वा खोटं बोलली," ती म्हणाली. "पाणी मी भरलं."

"ठाऊक आहे मला."

"घाण पडू नये म्हणून झाकलंबी होतं. सगळं झाकलं होतं." ती जमिनीवर पडलेल्या त्या टॉवेलांकडं बघत होती. "पण एवढं मोठं झाकण त्यांच्याकडं नव्हतंच, आई. मी लई हुडकलं."

कालपासून मी एकाच लेकराला छातीशी धरून बसले होते. या दुसऱ्या लेकराला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, की कुणी जवळ घेतलं नव्हतं. दवाखान्यात ती कुठं बसली, कुठं झोपली, मला सांगता आलं नसतं.

"नव्हतं गं माय," मी म्हणाले. "त्यांच्याकडं नव्हतंच." आणि खाली बसून दोन्ही हात पुढं केले.

ती लगेच आली नाही. आधी तिनं न्हाणीचं दार ओढून घेतलं, टाचा उंचावून कडी लावली, लागली का ते हलवून बघितलं, आणि मग आली.